रथाच्या मापाचा बांबू

आमच्या बाकावान गल्लीची खरी रुंदी वर्षातून एकदाच दिसते. एरवी ही गल्ली आहे की कुणाची ओसरी, हे नव्या माणसाला सांगावं लागतं. ओसियासच्या तीनचाकी गाड्या एका बाजूला ओळीने उभ्या. समोर बिलियर्डचं टेबल, त्यावर निळं प्लास्टिक. पुढे उलट्या टोपल्यांखाली झुंजीचे कोंबडे, त्यांच्या डोक्यावर कपड्यांच्या दोऱ्या, मग पोरांची बास्केटबॉलची कडी, आणि माझ्या खाणावळीची दोन बाकडी. हो, माझीसुद्धा. मी काही आभाळातून पडलेली नाही. भरती आली की या सगळ्यात घोटाभर पाणी शिरतं, म्हणून ज्याने त्याने आपापला उंबरा उंच केला, पायऱ्या पुढे काढल्या आणि गल्ली आणखीच बारीक केली. मालाबोनसारख्या खाडीकाठच्या शहरात राहायचं म्हणजे पाण्याशी आणि शेजाऱ्याशी एकाच वेळी भांडायची तयारी लागते.

पवित्र शनिवारी दुपारी मात्र मी पलंगाखालचा बांबू बाहेर काढते आणि भल्याभल्यांची बोलती बंद होते.

हा बांबू मरियामातेच्या रथाच्या रुंदीएवढा कापलेला आहे. माझ्या सासूने कापून घेतला होता, तिच्यामागे तो माझ्याकडे आला. एक टोक मी धरते, दुसरं लोर्ना धरते. ती माझ्या खाणावळीशेजारी केस कापते. बांबू आडवा धरून आम्ही दोघी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो. ज्याला बांबू लागेल ते सूर्य मावळायच्या आत हललं पाहिजे, मग ती गाडी असो, कोंबडा असो की झोपलेला नवरा. ‘लागला!’ म्हणून ओरडायचं काम माझं. देवाने मला आवाजच त्यासाठी दिलाय असं गल्लीतले लोक म्हणतात. ते कौतुकाने म्हणत नाहीत, हे मला कळतं.

दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या पहाटे सालुबोंग. तोंडावर काळी ओढणी घेतलेली मरियामाता, आमची आई, आम्हा बायकांबरोबर रथातून या गल्लीने निघते. कबरीतून उठलेला तिचा लेक पुरुषांच्या खांद्यांवरून पलीकडच्या पुलाकडून येतो. नाक्यावर बांबूचा मांडव असतो, त्याला आम्ही गालिलेया म्हणतो. त्याच्याखाली दोघांची भेट होते. पंख लावलेली एक चिमुरडी मांडवाच्या माळ्यावरून गाणं म्हणते आणि वाकून आईच्या तोंडावरची ओढणी उचलते. सूर्य वर यायच्या आत हे झालं पाहिजे. नाही झालं तर काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही, कारण तसं कधी झालेलं नाही, आणि माझ्या हयातीत होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलेलं होतं.

आणि नेमके मागच्या वर्षी आमच्या चर्चला नवे फादर अन्सेल्मो आले. तरुण माणूस, स्वभावाने गोड, पण जिथे जाईल तिथे आधी वर विजेच्या तारा बघणार आणि मग खाली गटारं. गल्ली बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

“आलिंग कोन्सिंग, इथे आगीचा बंब शिरणार नाही,” ते म्हणाले. आलिंग म्हणजे मावशी, सगळी गल्ली मला तसंच हाकारते.

“फादर, आम्ही भेट घडवतोय, आग लावत नाही.”

“चर्चचं पार्किंग केवढं मोठं आहे! सपाट आहे. वर एकही तार नाही. सगळ्यांना नीट उभं राहता येईल.”

“पार्किंगात गाड्या भेटतात, फादर. आई आणि लेक नाही भेटत.”

ते हसले, पण हट्ट काही सोडला नाही. “यंदा बघतो. रथ नाक्यापर्यंत सुखरूप गेला तर पुढेही इथेच. अडकला, कुणाला लागलं, तर पुढच्या वर्षीपासून पार्किंग.” असं म्हणून ते माझ्याकडचं शेवयांचं पान्सित खाऊन गेले. वर आणखी मागून घेतलं.

मला रात्रभर झोप लागली नाही. लोकांना वाटतं मी गल्लीवर हुकूम गाजवायला मिळतो म्हणून हे करते. गाजवायला आवडतं, नाही कशाला म्हणू? पण खरी गोष्ट वेगळी आहे. त्या पहाटे गल्ली रिकामी होते, खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लागतात, वर्षभर एकमेकींच्या सांडपाण्यावरून भांडणाऱ्या बायका एका दोराला हात लावतात, आणि आई आमच्या दारांवरून जाते. ती जाऊन आली की पुढचं वर्षभर ही गल्ली मला सहन होते. पार्किंगातून कुणाच्या दारावरून जाणार ती?

म्हणून त्या शनिवारी मी बांबू नेहमीपेक्षा कडक धरला. ओसियासच्या गाड्यांना लागला, त्याने मुकाट्याने पुलाकडे नेल्या. बिलियर्डचं टेबल सहा जणांनी उचलून कुणाच्या तरी बैठकीत घातलं. कोंबडे शिव्या देत गेले. आणि आम्ही पेर्तोच्या दाराशी आलो.

पेर्तो माझा धाकटा भाऊ, मला दित्से म्हणजे ताई म्हणणारा. आम्ही वर्षभर बोललो नव्हतो. त्याची बायको नोरिंग ही त्याची बायको व्हायच्या आधीपासून माझी मैत्रीण. दोघींनी मिळून एकाच टोपलीतले मासे विकलेले आहेत. दरवर्षी सालुबोंगच्या देवदूत पोरीला गाणं शिकवायचं ते नोरिंगने. गल्लीतल्या निम्म्या पोरी तिच्या हाताखालून पंख लावून गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी, सण झाल्या झाल्या, तिला अर्धांगाचा झटका आला. एक पाय गेला, एक हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि बोलणं बोबडं झालं. घरी आल्यापासून ती दाराबाहेर म्हणून आलेली नाही. मी दोनदा नारळाच्या दुधातलं गिनातान घेऊन गेले, दोन्ही वेळा तिने आतून दार लावून घेतलं. मला फार लागलं ते. कुणाला सांगितलं नाही, पण लागलं.

तिची चाकांची खुर्ची रस्त्यावर उतरावी म्हणून पेर्तोने दारापुढे सिमेंटचा रॅम्प घातला. उंबरा पुरुषाच्या कमरेएवढा उंच, त्यामुळे रॅम्पही चांगला लांब, भिंतीला लागून गल्लीत उतरणारा. कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. मी म्हणाले, “अरे, आईच्या वाटेत सिमेंट ओतलंस?” तो म्हणाला, “दित्से, आई वर्षातून एकदा जाते, माझी बायको रोज आत बसलीये.” शब्दाने शब्द वाढला. मी म्हणाले, मग ती उतरते का तरी त्याच्यावरून? तेव्हापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला, आणि मीही काही कमी नाही.

तर बांबू रॅम्पपाशी आला. सगळी गल्ली बघत होती. ओसियास हातातली बाटली तशीच धरून थांबला. पेर्तो दारात हाताची घडी घालून उभा. मी बांबू हळूहळू पुढे नेला, आणि तो गेला. रॅम्प आणि बांबू यांच्यामध्ये दोन बोटं राहिली.

“नाही लागला,” लोर्ना म्हणाली.

“मला दिसतंय,” मी म्हणाले.

खरं सांगू? मला वाईट वाटलं. वर्षभराचं भांडण आणि दोन बोटांनी हरले. पेर्तो हसला नाही, आत गेला आणि दार लोटून घेतलं. हसला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आम्ही बायका गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या प्रार्थनाघरात रथ सजवायला जमलो. फादरचे डोळे दिपले पाहिजेत म्हणून मी त्या वर्षी एक युक्ती काढली होती. ओसियासच्या जावयाकडून लोखंडी कठडा जोडून घेतला, रथाच्या चारी बाजूंनी जाणारा, त्यावर फुलांचे थर आणि मध्ये लुकलुकणारे दिवे. एवढी फुलं मालाबोनने पाहिली नसतील. आई फुलांच्या होडीत उभी असल्यासारखी दिसायला लागली. बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मी मनात म्हणत होते, आता काढ म्हणावं पार्किंगचं नाव.

बांबू तेव्हा माझ्या पलंगाखाली पडला होता. एकीच्याही डोक्यात आलं नाही.

पहाटे गल्ली अशी झाली होती की मलाच ओळखू येईना. दुतर्फा दारं उघडी, दारात मेणबत्त्या, वरच्या खिडक्यांतून पोरं लोंबकळलेली, गॅलऱ्यांतून म्हाताऱ्या पाकळ्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या. दिवसा जिथे भांडी घासतात तिथे झेंडे घेतलेल्या पोरी पांढऱ्या झग्यांत नाचत पुढे चालल्या होत्या. आम्ही बायका दोर ओढत होतो, आणि मागे फुलांच्या होडीत काळी ओढणी घेतलेली आई डुलत येत होती. नाक्याकडून बँडचे ढोल ऐकू येत होते. लेक वाटेवर आहे असं ढोल सांगत होते. माझ्या अंगावर काटा आला, दरवर्षी येतो.

पेर्तोच्या दाराशी रथ आला आणि खर्रर्र असा आवाज झाला.

कठडा रॅम्पला घासला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बांबू रथाच्या मापाचा होता, कठड्याच्या नव्हता.

“मागे घ्या! मागे!” मी ओरडले. बायका मागे रेटायला लागल्या, काही जणी सवयीने पुढेच ओढत राहिल्या. रथ वळला, रॅम्पला लागून असलेल्या गटाराची फरशी कडकन मोडली आणि पुढचं चाक आत गेलं. कठड्याचा कोपरा रॅम्पच्या कडेत असा अडकला की रथ ना पुढे, ना मागे. तो कलला, आणि आई पेर्तोच्या दाराकडे झुकली, कुणी घरात आहे का म्हणून बघायला वाकावी तशी.

फुलांतले दिवे तेवढे मजेत लुकलुकत होते.

“आलिंग कोन्सिंग, ओसियासचा फोन आलाय,” लोर्ना म्हणाली. “लेक नाक्यावर येऊन उभा आहे. आई कुठाय विचारतायत. फादर घड्याळ बघतायत म्हणे.”

“सांग येतोय.”

“येतोय?”

“मग काय सांगतेस, गटारात आहोत?”

सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या. फुलं काढा. फुलं काढून काय होतंय, कठडा लोखंडाचा आहे. चार जणी खाली लागा. कठडा तोडा. कठडा कशाने तोडणार, दातांनी? मग एकजण म्हणाली, रॅम्पची कड फोडली तर सुटेल. आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

दार उघडलं. पेर्तो बाहेर आला. त्याच्या हातात घण होता.

मला वाटलं आता हा भांडणार. तो रॅम्पवरून खाली आला आणि त्याने घण माझ्यापुढे धरला.

“फोड,” तो म्हणाला. वर्षभरातला पहिला शब्द. “आईची वाट आमच्यामुळे अडायला नको. तसाही कोण वापरतंय तो.”

मी घण घेतला. चांगलाच जड होता. वर्षभर रोज सकाळी बाकडी मांडताना त्या रॅम्पकडे बघून मी मनातल्या मनात हेच करत आले होते. आकाश पुलाच्या बाजूने फिकट व्हायला लागलं होतं. मी लुंगी खोचली, घण उचलला.

“थां... थांब,” आतून आवाज आला.

दारात चाकांची खुर्ची होती. नोरिंग रात्रीच्या झग्यात, खांद्यावर टॉवेल, केस विस्कटलेले. इतकी बारीक झालेली. तिने एका हाताने चाक रेटत खुर्ची उंबऱ्यापर्यंत आणली होती. तोंडाची एक बाजू हलत होती, दुसरी नाही.

“फोड... फोडायचाच तर,” ती म्हणाली. एकेक शब्द ती ओढून काढत होती. “आधी मला... एकदा उतरू दे. मी तो... अजून वापरलाच नाही.”

नाक्यावरचा बँड नेमका तेव्हाच थांबला होता.

मी घण ठेवला. म्हणजे ठेवला कसला, पायावर पडता पडता राहिला. रॅम्प चढून वर गेले. खुर्चीच्या मागे उभी राहिले आणि पुढे ढकलायला लागले.

“उलटी आण, दित्से, उलटी!” पेर्तो ओरडला. “तोंड घराकडे ठेव, नाहीतर पडेल ती!”

“मला शिकवू नकोस!”

“तुला येत नाही म्हणून शिकवतोय!”

“वर्षभर बोलला नाहीस आणि आता तोंडाचा पट्टा सुरू!”

खुर्चीतून एक विचित्र आवाज आला. नोरिंग हसत होती. अर्ध्या तोंडाने, पण पूर्ण हसत होती. मी खुर्ची वळवली, आणि एकेक पाऊल मागे टाकत तिला खाली आणलं. तिचा चांगला हात माझ्या मनगटावर होता आणि तिने ते घट्ट धरलं होतं. रॅम्पच्या पायथ्याशी मी तिला फिरवून सरळ केलं, तर तिच्या अगदी समोर, तिच्याकडे झुकलेली आई.

नोरिंगने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं, आणि लोर्ना तर नाक शिंकरत होती.

“फुलं,” नोरिंग म्हणाली, “फार झालीत.”

“हो.”

“कुणी लावली?”

“मी.”

“वाटलंच.”

मला रडू येत होतं की हसू ते मला आजही सांगता येणार नाही. पण डोकं एकदम साफ झालं. मी लोर्नाकडे वळले.

“ओसियासला फोन लाव. म्हणावं, लेकाला इकडे आण.”

“इकडे? गालिलेया नाक्यावर आहे!”

“मग गालिलेया पण आण. चार बांबू आहेत ते, कॅथेड्रल नाही. दरवर्षी म्हातारी आई चालत जाते. एक वर्ष लेक चालला तर त्याचे पाय झिजतील का?”

लोर्नाने फोनवर सांगितलं. पलीकडून ओसियासचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. तो काय म्हणाला ते पवित्र दिवशी सांगण्यासारखं नाही. मग जरा वेळाने ढोल वाजायला लागले, आणि ते जवळ येत होते.

तसं दृश्य मी आधी पाहिलं नाही, पुन्हा बघायला मिळेल असंही वाटत नाही. सगळ्यांत पुढे बँड, पण जागा नसल्यामुळे उलटा चालत येणारा. तुतारीवाल्याच्या तुतारीत कुणाच्या तरी खिडकीतला पडदा गेलेला. त्यामागे पुरुषांच्या खांद्यांवर उठलेला लेक, हात वर करून. आणि त्याच्यामागे गालिलेया. बांबूचा तो अख्खा मांडव, फुलांसकट, पताकांसकट, पाचपन्नास जण डोक्यावर घेऊन आमच्या गल्लीतून चालत येत होते. वरच्या खिडक्यांतून बायका झाडूंनी तारा उचलून धरत होत्या. “थांब, थांब! आता ये! माझी चादर!” कुणाची चादर मांडवाच्या टोकाला लागून तशीच झेंड्यासारखी पुढे आली. मधल्या घरातून बिलियर्डचं टेबल पुन्हा बाहेर निघालं आणि त्यावर म्हाताऱ्यांना उभं करण्यात आलं, त्यांना दिसावं म्हणून. फादर अन्सेल्मो गर्दीत असे चेपले गेले होते की त्यांचे पाय जमिनीला लागत होते की नाही देव जाणे. त्यांच्या खांद्यावर कोंबड्याचं पीस होतं.

मांडव रथाच्या पुढ्यात टेकला. आता अडचण अशी की रथ मांडवाखाली जाऊ शकत नव्हता, म्हणजे माळ्यावरच्या देवदूताचा हात आईपर्यंत पोचणार नव्हता. देवदूत होती लोर्नाची मुलगी चेचे. वय सहा, समोरचा दात नाही, एक पंख वाटेत वाकडा झालेला.

“दित्से,” पेर्तो म्हणाला, “रॅम्पवरून पोचेल.”

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. बोलायला वेळ नव्हता. त्याने चेचेला खांद्यावर घेतलं आणि रॅम्पच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. आई त्या बाजूलाच झुकलेली. ओढणी पोरीच्या हाताशी आली. नोरिंगला आम्ही तिघींनी खुर्चीसकट वर ढकललं आणि पेर्तोच्या शेजारी धरून ठेवलं, कारण तिने तसं बोटाने दाखवलं.

चेचेने तोंड उघडलं आणि गर्दीकडे बघितलं. तोंड तसंच उघडं राहिलं.

“गा, बाळा,” लोर्ना खालून म्हणाली.

काही नाही. लोर्नाने तिला गाणं फोनवरून पाठ करून घेतलं होतं. फोन खिशात होता आणि गर्दी समोर होती. पुलाकडचं आभाळ गुलाबी झालं होतं. फादरचा हात गर्दीतून वर आला आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

आणि नोरिंगने गायला सुरुवात केली.

हळू. शब्द सगळे वाकडे, एकातून दुसरा सांडलेला. पण चाल, चाल मात्र सरळ होती, तिच्या जुन्या आवाजात. मी मान खाली घातली. मला ते ऐकवेना आणि थांबावं असंही वाटेना.

पोरी जिला लोला, म्हणजे आजी, म्हणतात त्या नोरिंगकडे चेचेने खाली बघितलं. कपाळाला आठी घातली.

“लोला नोरिंग,” ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुम्ही चुकताय!”

“मग... तू दाखव,” नोरिंग म्हणाली.

“असं आहे ते!” आणि पोरगी गायला लागली. आधी चिडून, मग मजेत, मग घसा ताणून. नोरिंग तिच्याखाली सूर धरून गात राहिली, आणि मग जिने जिने कधीकाळी पंख लावले होते त्या सगळ्या गायला लागल्या. खिडक्यांतून, गॅलऱ्यांतून, टेबलावरून. मी कधी देवदूत नव्हते, माझा आवाज तेव्हाही असाच होता, तरी मीही गायले.

शेवटच्या ओळीला चेचेने हात पुढे केला आणि ओढणी उचलली. आईचा चेहरा उघडा झाला, समोर लेक. पहिलं ऊन त्यानंतर आलं. आधी नाही, नंतरच, मी नीट बघितलं. घंटा, अग्निबाण, ढोल, कोंबडे, सगळं एकदम सुरू झालं. वरून इतक्या पाकळ्या पडल्या की नोरिंगच्या मांडीत ढीग झाला. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, नको त्यालासुद्धा. ओसियासने मला मारली. मी त्याला ढकलून दिलं, पण जरा उशिरा.

पेर्तो चेचेला खाली उतरवून माझ्याजवळ आला.

“घण परत दे,” तो म्हणाला. “शेजाऱ्याचा आहे.”

“म्हणजे स्वतःचा घणसुद्धा नाही, आणि फोड म्हणत होतास.”

तो हसला. कालपासून मी त्या हसण्याची वाट बघत होते. कालपासून कसली, वर्षभर.

फादर अन्सेल्मो कसेबसे आमच्यापर्यंत पोचले. त्यांचा झगा एका बाजूने गटाराच्या रंगाचा झाला होता.

“आलिंग कोन्सिंग, रथ नाक्यापर्यंत गेला नाही.”

“नाही गेला, फादर.”

“अडकला.”

“अडकला.” मी दुसरं काय म्हणणार? मला पार्किंग दिसायला लागलं. सपाट, मोठं, वर एकही तार नसलेलं.

नोरिंगने त्यांच्या बाहीला धरून ओढलं. “फादर. पुढल्या वर्षी... कुठे?”

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. ते खाली बसले, कान जवळ नेला, तिने पुन्हा विचारलं. त्यांनी तिच्या मांडीतल्या पाकळ्या बघितल्या, रॅम्प बघितला, त्यावर झुकलेली आई बघितली. टेबलावरच्या म्हाताऱ्या अजून तिथेच होत्या. त्यांना कसं उतरवायचं ते कुणाला सुचत नव्हतं.

“इथेच,” फादर म्हणाले. “या दारात. पण गटाराची फरशी नवी घाला.” मग माझ्याकडे वळून, “आणि फुलं कमी.”

गल्लीत जो हशा पिकला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. गल्लीही मला विसरू देणार नाही.

रथाचं चाक काढायला पुरुषांना दुपार झाली. तोवर आई तशीच नोरिंगच्या दाराकडे झुकून उभी होती, आणि आम्ही तिच्या भोवती बसून चिकट भाताचं सुमान आणि पान्सित खाल्लं. नोरिंग आत गेली नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पेर्तो तिच्यासाठी छत्री घेऊन आला. मी तिला गिनातान भरवलं. अर्धं सांडलं, तर म्हणाली, “तुझ्या हातचं आहे, सांडलेलंच बरं.”

यंदा रॅम्प रुंद झाला आहे. देवदूताला उभं राहायला जागा हवी म्हणून पेर्तोने मध्ये चौथरा घातला, विटा मी दिल्या. कठडा काढून टाकला. काल पवित्र शनिवार होता. मी बांबू काढला, एक टोक मी धरलं, एक लोर्नाने, आणि निघालो. गाड्यांना लागला, टेबलाला लागला, कोंबड्यांना लागला. पेर्तोच्या दाराशी आलो तेव्हा सगळी गल्ली कामं टाकून बघायला उभी होती. नोरिंग चौथऱ्यावर खुर्चीत बसून पंखांना पिसं चिकटवत होती. बांबू पुढे गेला आणि ठक्कन चौथऱ्यावर आपटला.

“लागला!” ओसियास ओरडला. “कोन्सिंग, लागला!”

मी लोर्नाच्या हातून तिचं टोक काढून घेतलं, बांबू उभा केला, खांद्याला लावला आणि रॅम्पवरून पुढे चालत गेले.

“कुठे लागला?” मी म्हणाले. “मला तर काही दिसलं नाही.”

“दित्से, चांगला हातभर लागला,” पेर्तो दारातून म्हणाला.

“माझे डोळे गेलेत आता.”

“खोटारडी,” नोरिंग म्हणाली. शब्द अगदी सरळ आला.